स्तामेन्का चालून दाखवते

तिमोक नदीकाठच्या त्या गावात स्तामेन्काला आवाजाने ओळखणारे खूप, चालीने ओळखणारे थोडे. बसस्थानकातल्या काचेमागे ती सगळ्यांच्या आधी येऊन बसे आणि फलाट रिकामे झाल्यावर उठे. मधल्या वेळात गावाला तिचा आवाज ऐकावाच लागे, इलाज नव्हता. कर्णे चौकापर्यंत लावलेले होते. "निशची गाडी दुसऱ्या फलाटावर लागली आहे. ज्यांना जायचंय त्यांनी चढा. ज्यांना नुसतं रडून निरोप द्यायचाय त्यांनी दार अडवू नका." साहेबाने एकदा तिला लेखी समज दिली, तर तिने ती समजही माइकवरून वाचून दाखवली. पुढे कोणी तिच्या नादी लागलं नाही.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता. तीन बोटं तरी असेल. चांभार तिला डाव्या जोड्याला जाड टाच लावून देई, आणि घरात घालायच्या डाव्या सपातेलाही तसाच जाड तळ शिवून देई. ती कुणाच्या घरी जात नसे. लोक म्हणत, शिष्ट आहे, जिभेला हाड नाही पण पायाला मिजास आहे. खरी गोष्ट एवढीच होती की तिकडे कुणाच्याही घरात शिरायचं म्हणजे जोडे दाराशी काढावे लागतात.

ती जन्मली तेव्हा तिच्या डाव्या मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या वाटीत बसलेलंच नव्हतं. हे कुणाला कळलं नाही. कळणार कसं? बाळाला काखेपासून टाचेपर्यंत पट्टीने आवळून बांधायची रीत होती, पाय ओढून सरळ, गुडघ्याला गुडघा, घोट्याला घोटा, मेणबत्तीसारखे. वाकडे पाय म्हणजे आळशी आई. पोर उशिरा चालायला लागली, आणि चालली ती बदकासारखी. अंगणातल्या बायका हसल्या. शेवटी सहाव्या वर्षी बापाने तिला बेलग्रेडला नेलं. तोवर हाडाने वर, भलतीकडेच बिऱ्हाड थाटलं होतं. आधी पायाला वजनं टांगून ते खाली ओढलं, मग कापलं, मग कमरेचं हाड फोडून वाटीवर छप्पर केलं, आणि छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर. भर उन्हाळ्यात. आत खाज सुटली की ती लाकडी चमच्याचा दांडा आत सारून खाजवी, आणि त्या चमच्याला जो वास येई तो तिने पुढे जन्मभर दुसऱ्या कशालाही येऊ दिला नाही. असं आणखी दोनदा झालं. शस्त्रक्रिया उत्तम झाल्या असं सगळे म्हणाले आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती चालली. नाचली नाही, पळाली नाही, पण चालली.

विशीपर्यंत बरं गेलं. झ्लातान नावाचा घरजावई मिळाला. पहिल्या रात्री तिने दिवा घालवला, तो पुढेही कधी लागला नाही. मुलाच्या, ओग्न्येनच्या, बाळंतपणात पोट फाडावं लागलं, कारण पाय फाकत नव्हता. मग झ्लातान कामासाठी ऑस्ट्रियाला गेला. आधी पत्रं आली, मग नुसती सणाची कार्डं, मग तीही नाहीत. पस्तिशीनंतर खुबा दुखायला लागला आणि आता पंचेचाळिशीत हाडावर हाड घासत होतं. डॉक्टर म्हणत होते, सांधाच बदलून घ्या. ती म्हणे, माझ्या जागी माइकवर कोण बसणार. लोकांना ते कर्तव्य वाटे.

घरात तिची आई विदोसावा होती. साठी उलटलेली, सरळ पाठीची, स्वतः फोडलेली लाकडं स्वतः रचणारी. मायलेकींचं भांडण सकाळी कॉफीच्या भांड्याबरोबर उकळायला लागे. कॉफी कडू झाली, खिडकी उघडी ठेवलीस, मांजराला आत घेतलंस, मांजराला बाहेर टाकलंस. पण इतक्या वर्षांत पायावरून त्या कधी भांडल्या नाहीत. पायाबद्दल विदोसावाचं एकच वाक्य होतं, देवाने दिलं. ते ती अशा आवाजात म्हणे की पुढे कुणी बोलू नये, आणि कुणी बोलत नसे.

मग ओग्न्येनच्या बायकोला, बोयानाला, मुलगी झाली. पायाळू. ओग्न्येन तेव्हा मालाचा ट्रक घेऊन कुठे जर्मनीत होता. फोनवर रडला, आणि लेना हे नाव ठेवून मोकळा झाला.

सरकारी दवाखान्याची नर्स बाळंतिणीला बघायला घरी आली. बाळाला उताणं ठेवून तिने दोन्ही गुडघे दुमडले आणि मांड्या बाजूला उघडल्या. उजवी सहज गेली. डावी अर्ध्यात अडली. तिने पुन्हा करून पाहिलं. घरात कुणाला खुब्याचा त्रास आहे का, असं विचारताना तिचे डोळे स्तामेन्काच्या सपातेवर जाऊन बसले होते. मग ती स्पष्ट बोलली. मुलगी आहे, पायाळू आहे, आजीला होतं. निश शहरात नेऊन सोनोग्राफी करा, मी दिवस घेऊन देते, तो चुकवू नका. आणि तोपर्यंत हिला बांधायचं नाही. मांड्यांमध्ये जाड दुपट्याची घडी ठेवा, पाय बेडकासारखे राहू द्या.

नर्सची पाठ वळली आणि विदोसावाने पेटीतून पट्टी काढली.

पुढचे दिवस त्या घरात युद्ध होतं, फक्त गोळ्या नव्हत्या. स्तामेन्का कामावर जाताना बाळ मोकळं करून जाई, परत येई तेव्हा बाळ पावाच्या लादीसारखं आवळलेलं असे. ती सोडी. जरा न्हाणीत गेली की पुन्हा बांधलेलं. बोयाना एकवीस वर्षांची, डोंगरापलीकडून आलेली. ती सासूलाही हो म्हणे आणि आजेसासूलाही हो म्हणे.

"तू आई आहेस हिची," स्तामेन्काने तिला एकदा गाठून सांगितलं. "हात बांधलेत का तुझे?"

"तुम्ही कामावर जाता, आई. मी इथे त्यांच्याबरोबर असते," बोयाना म्हणाली.

यात वावगं काही नव्हतं, म्हणून स्तामेन्काला ते जास्त झोंबलं.

विदोसावा मात्र हुशार होती. निशचा दिवस तिला ठाऊक होता. बरोबर त्याच दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना बाळ बघायला बोलावलं. चाळीस दिवस भरायचे होते, आणि चाळीस दिवसांच्या आत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाहुण्यांनी भरलेल्या घरातून, इतक्या तोंडांसमोरून बाळ घेऊन बाहेर पडायची कुणाची छाती होत नाही. स्तामेन्का अर्धा दिवस करून घरी आली तेव्हा दाराशी जोड्यांची रांग होती. ती रांग बघूनच तिला सगळं उमगलं.

आत बायका पलंगाभोवती बसल्या होत्या. गुळचट वड्या, चेरीचा मुरंबा, प्रत्येकीच्या हातात इवलासा पेला. बाळाचं कौतुक चाललं होतं, म्हणजे शिव्या चालल्या होत्या, कारण बाळाला गोड म्हटलं की दृष्ट लागते.

"थू थू, काय माकडतोंडी आहे," शेजारची पेर्सिदा म्हणत होती. "असलं कुरूप पोर मी जन्मात पाहिलं नाही."

"चोरासारखी दिसते," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या समाधानाने थुंकल्यासारखं करून प्यायल्या.

पलंगावर बाळ होतं. काखेपासून टाचेपर्यंत बांधलेलं, मनगटाला लाल दोरा. बाजूला बोयाना मान खाली घालून.

स्तामेन्काने दारातूनच सांगितलं की बोयाना, कपडे घाल, दुपारची गाडी गाठायची आहे. विदोसावाने पाहुण्यांकडे बघून हसून घेतलं. म्हणाली, लेकीला कामाचा शीण झालाय, दिवस विसरते, चाळीस अजून व्हायचेत. डॉक्टर कुठे पळून जातोय का. पेर्सिदाने मान डोलावली. तिची मुलं, तिच्या बहिणीची मुलं, सगळी अशीच बांधून वाढवलेली. एकाचाही पाय वाकडा नाही. आता बघा सैन्यात कवायत करतात.

"आणि मी?" स्तामेन्काने विचारलं.

पेर्सिदाने पेल्यात बघितलं. "तुझं वेगळं गं. ते देवाने दिलेलं."

तिचा आवाज खरोखर मायेचा होता. म्हणूनच स्तामेन्काच्या आत काहीतरी तुटलं. रागाने तिचे कान गरम झाले. इतकी वर्षं या बायकांनी तिला काचेमागे पाहिलं होतं, बसलेली, कमरेपासून वर. त्यांना वाटत होतं की थोडं लंगडते, बस्स.

तिने वाकून डाव्या पायातली जाड तळाची सपाता काढली. मग उजवीही काढली. दोन्ही दाराशी ठेवल्या आणि अनवाणी खोलीत चालायला लागली.

पहिल्या पावलाला तिची कमर डावीकडे कोसळली. ती सावरायला खांदा उजवीकडून फेकला गेला, हात पंखासारखा बाहेर आला. मग उजवा पाय, मग पुन्हा कोसळणं. प्रत्येक पावलाला चेहऱ्यावर एक ओठ चावल्याची खूण उमटत होती आणि ती लपवत नव्हती. टाच जमिनीला टेकतच नव्हती. पलंगापर्यंत जायला वेळ लागला. कुणी वाट द्यायला उठली, तर तिने हाताने बसवलं.

"बस खाली," विदोसावा हलक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"त्यांनी बघावं म्हणूनच चालतेय."

"स्तामेन्का."

"तू पण बघ की. तू कुठे बघितलंयस. मी खोलीत आले की तू चुलीकडे बघतेस."

ती खिडकीपर्यंत गेली आणि वळली. वळताना तिला पडद्याचा आधार घ्यावा लागला. मग तिने घागरा वर ओढला आणि मांडीवरचा, खुब्यावरचा, कमरेकडे गेलेला व्रण दाखवला. एकावर एक तीन वेळा शिवलेलं, आखडलेलं, गुळगुळीत कातडं. एका म्हातारीने छातीवर क्रूस केला. स्तामेन्का माइकवर बोलते तशी, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून बोलली. देवाने दिलेलं नुसतं निखळलेलं होतं. लहानपणी ते आपोआप बसलं असतं, पाय मोकळे राहिले असते तर. मग सहाव्या वर्षी करवत लागली नसती. हे असं बांधायचं असेल तर बांधा, आणि मग हिच्या लग्नात हिला नाच म्हणून आग्रह करू नका, कारण हीसुद्धा माझ्या शेजारी खुर्चीतच असेल.

विदोसावा उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाठ सरळच होती. "माझ्या घरात," ती म्हणाली, "माझ्या पाहुण्यांपुढे तू मला..."

सगळ्यांचं लक्ष त्या दोघींकडे होतं, म्हणून बोयाना काय करतेय ते आधी कुणाला दिसलं नाही. तिने बाळाच्या काखेतलं टोक सोडलं होतं. पट्टी गोल गोल उलगडत पलंगाखाली लोळत होती. बाळाने गुडघे पोटाशी घेतले आणि जांभई दिली.

"मला जोडे द्या," बोयाना म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नसावं. जोडे पेर्सिदानेच उचलून दिले.

गाडीची वेळ टळत आली होती. स्तामेन्काने स्थानकावर फोन केला. मिलुतिन नावाचा चालक तिला इतका टरकून होता की ती काही सांगायच्या आत, गाडी धरून ठेवतो म्हणाला. चाळीस दिवस न भरलेली बाळंतीण बाळ घेऊन भर दुपारी गावातून गेली आणि जिथून गेली तिथली खिडकी उघडली. दारात विदोसावा उभी होती. हे पोर दगावलं तर माझ्याकडे येऊ नका, असं ती मोठ्याने म्हणाली. मग बाळाबद्दल आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन तीन वेळा थुंकली.

निशच्या डॉक्टरीणबाई ओग्न्येनहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी बाळाला कुशीवर ठेवून खुब्यावर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर एक करडी वाटी दाखवली, उथळ, आणि तिच्या काठावरून घसरलेला एक गोळा. डावा. बोयाना रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं आणि सांगितलं की आणखी काही महिन्यांनी आला असता तर मला हे सोपं वाटलं नसतं. चालायला लागल्यावर आला असता तर शस्त्रक्रियेशिवाय गत नव्हती. आता मात्र कापडी पट्ट्यांचा साज घालायचा. खांद्यावरून पावलांपर्यंत, गुडघे दुमडलेले, मांड्या उघड्या. रात्रंदिवस. हाड वाटीत बसून राहिलं की वाटी त्याच्याभोवती आपणहून खोल होते.

मग बाईंनी स्तामेन्काच्या पायाकडे पाहून सरळ विचारलं की तुमचं पहिलं ऑपरेशन केव्हाचं. तिने सांगितलं. बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. स्तामेन्काने विचारलं, "हा साज तेव्हा होता का?"

"होता," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पोचला नव्हता. पण होता." आणि मग घाईने म्हणाल्या की यात घराण्याचं रक्त असतं, पायाळूपण असतं, बांधल्याने बिघडतं; एकाच्याच माथी मारता येत नाही.

विदोसावाने तो साज बघून म्हटलं की घोडी केली, बेडूक केलं, माझ्या पणतीचं काय काय केलंत. तिने बाळाला हात लावायचा सोडला. दूध तापवून द्यायची, दुपटी धुऊन सूर्य मावळायच्या आत दोरीवरून काढायची, पण बाळाकडे पाठ. मायलेकी एकमेकींशी बोलत होत्या त्या बोयानामार्फत. सांग तुझ्या सासूला, दार लाव. सांग तुझ्या आजेसासूला, दाराची कडी तिनेच मोडलीय. पेर्सिदा आणि बाकीच्या आल्या नाहीत. गल्लीत दोन तट पडले, आणि ज्यांनी व्रण पाहिला होता त्यांतल्याही निम्म्या म्हणाल्या की घागरा वर करायची काही गरज नव्हती.

सप्टेंबरात शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. गोळा वाटीत होता. खोल, मधोमध, जणू तिथेच जन्मला होता. चालायला लागेपर्यंत दाखवत राहा, पुढे मोठी होईपर्यंत अधूनमधून फोटो काढा, पण ही पळेल, असं त्या म्हणाल्या. हिला यातलं काही आठवणारसुद्धा नाही.

बोयानाने त्यांच्या हाताचा मुका घेतला. स्तामेन्का भिंतीला टेकून उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. तो साज टेबलावर पडला होता, बोटभर रुंदीच्या मऊ पट्ट्या, दोन बकलं. एवढंच. एवढंसं मिळालं नाही म्हणून तिच्या कमरेचं हाड फोडलं होतं. परतीच्या गाडीत मिलुतिनने तिच्याकडे आरशातून बघून रेडिओ बंद केला.

विदोसावा अंगणात भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत बसली होती. लाल, जाड सालीच्या, हिवाळ्यासाठी वाटून बरणीत भरायच्या. बोटं काळी झाली होती.

"बसलं," स्तामेन्का म्हणाली. त्या दोघींतला उन्हाळ्यापासूनचा हा पहिला सरळ शब्द.

विदोसावाने मनगटानेच क्रूस केला. "देवाने केलं."

"पट्ट्यांनी केलं. तसल्याच पट्ट्या माझ्या वेळी होत्या, आई. विचारून आलेय मी."

विदोसावा सोलत राहिली. एक मिरची, दुसरी. मग वर न बघता म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"एक डॉक्टरीण आली होती तेव्हा. गावोगाव फिरायची. म्हणाली, पाय सोड पोरीचे, शहरात ने. झालं समाधान? ऐकायचं होतं ना तुला?"

स्तामेन्काला उभं राहवेना, पण बसायचंही नव्हतं. "आणि तू नाही नेलंस."

"मळणी होती."

"मळणी."

"मळणी होती आणि माझी सासू होती." विदोसावाने सुरी ठेवली. आता ती ओरडत होती, शेजारची खिडकी उघडी होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "तू मला काय समजतेस? पट्टी तिने बांधली, माझ्या हातांनी. मी एकदा सोडली. एकदा. तर तिने मला रात्रभर कोठारात झोपवलं आणि तुला दूध पाजायला सकाळी आत घेतलं. एकोणीस वर्षांची होते मी. कुठे जाणार होते तुला घेऊन?"

"बोयाना गेली की."

"बोयानाकडे तू होतीस." तिने सुरी पुन्हा उचलली. "माझ्याकडे कोण होतं? सांग ना. माइकवर सगळं येतं तुला, आता सांग."

स्तामेन्काला आईचा आणखीच राग आला, आधी होता त्याहून जास्त, कारण आधीचा राग कसा सोपा होता. तिने समोरचं स्टूल पायाने ओढलं, डावा पाय लांब करून त्यावर बसली आणि परातीतली एक मिरची उचलली.

"बिया राहतायत तुझ्या," ती म्हणाली. "सगळं कडू होईल."

"मग तू कर," विदोसावा म्हणाली आणि सुरी तिच्याकडे फेकल्यासारखी सरकवली. "इतकी वर्षं मीच करतेय."